ओट्याचे अंदाजपत्रक

(मोठा खर्च करण्यापूर्वी तो कागदावर मांडून पाहिला, तर पैसा वाचतो आणि मनस्तापही टळतो. नाहूर येथे राहणाऱ्या एका कुटुंबाने आपल्या स्वयंपाकघराचे काम कसे केले, याची हकिकत नववीत शिकणाऱ्या एका मुलीने या पाठात सांगितली आहे. पाठातील भाव केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. खरे भाव गावोगावी आणि वर्षागणिक बदलतात.)

आमचे घर नाहूरला आहे. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये नाहूर स्टेशन लागते. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि पूर्वेला मिठागरे व खाडी आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढेच आमचे घर. दादी, अब्बा, अम्मी, आपा आणि मी अशी आम्ही पाच माणसे त्यात राहतो.

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा फार जुना होता. त्याच्या कडप्प्याला तडा गेला होता. नळ सतत ठिबकत असे. ओट्याखालच्या लाकडी फळ्यांना वाळवी लागली होती. शिवाय ओटा बुटका होता. अम्मीला वाकून पोळ्या लाटाव्या लागत. रात्री ती कंबर धरून बसे. पण कधी बोलत नसे.

एप्रिल महिन्यात एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू आमच्याकडे आल्या. त्या अम्मीला म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका. आमच्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी गळते आहे. काल तर थेंब पिठाच्या डब्यावर पडत होते. पावसाळ्याआधी काहीतरी करायला हवे."

अम्मी ओशाळली. काकू गेल्यावर मी दादीला सांगितले, "दादी, काकूंची तक्रार आहे."

दादी घाबरून म्हणाली, "तकरार? त्यांच्याशी? कोण भांडले?"

मला हसू आले. मराठीच्या बाईंनी वर्गात सांगितले होते, ते आठवले. आपल्या उर्दूतील कितीतरी शब्द मराठीत आहेत. पण काहींचा अर्थ थोडा बदलला आहे. उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण, वाद. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. मी तसे सांगितल्यावर दादीचा जीव भांड्यात पडला. पण अम्मी हसली नाही. ती म्हणाली, "आपल्या घरातले पाणी दुसऱ्याच्या पिठात पडते, ही शरमेची गोष्ट आहे. काम करायलाच हवे."

रविवारी अब्बा आणि अम्मी एका दुकानात गेले. मीही बरोबर होते. दुकानात तयार स्वयंपाकघरे मांडून ठेवली होती. चकचकीत दारे, आवाज न करता सरकणारे खण, आत लागणारे दिवे! अम्मी एका खणावरून हळूच हात फिरवत राहिली. दुकानदाराने आमच्या मापाची किंमत सांगितली, एक लाख चाळीस हजार रुपये. अब्बा गप्प झाले. तेव्हा दुकानदार म्हणाला, "एकदम कशाला देता? दरमहा फक्त साडेसहा हजारांचा हप्ता द्या. चोवीस हप्ते. सुरुवातीला कागदपत्रांचे दोन हजार."

घरी आल्यावर दादीने विचारले, "हर हफ्ते साडेसहा हजार कुठून आणणार?" उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मराठीत 'हप्ता' म्हणजे थोड्या थोड्या भागांत फेडायच्या रकमेचा एक भाग. दादीचा शब्द चुकला होता. पण प्रश्न चुकला नव्हता. मी वही घेतली आणि हिशेब केला :

२४ हप्ते × ६,५०० रुपये = १,५६,००० रुपये
कागदपत्रांचा खर्च = २,००० रुपये
एकूण = १,५८,००० रुपये
रोख किंमत = १,४०,००० रुपये
जास्त द्यावी लागणारी रक्कम = १८,००० रुपये

मी हा आकडा वाचून दाखवला. आपा पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "अठरा हजार? एवढी तर माझी कॉलेजची वर्षाची फी आहे!"

घरात कोणी काही बोलले नाही. अब्बांनी दुकानाचा कागद घडी करून कपाटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गणिताच्या सरांना सगळे सांगितले. सर म्हणाले, "आधी अंदाजपत्रक तयार करा. अंदाज हा शब्द तुम्हांला माहीत आहे. ज्या पत्रकात खर्चाचा अंदाज मांडतात, ते अंदाजपत्रक. सरकारही दरवर्षी ते करते. त्यात तीन प्रश्न असतात. जवळ किती आहे? लागेल किती? कमी पडले तर काय मागे ठेवायचे?"

मग सरांनी मला एक गोष्ट सांगितली. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली कामगारांसाठी नवी घरे बांधली जात होती. त्यांतील स्वयंपाकघराची आखणी मार्गारेटे लिहोट्स्की या ऑस्ट्रियन स्त्री-वास्तुशास्त्रज्ञाने केली. स्वयंपाक करताना बाईची किती पावले पडतात, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे तिने घड्याळ लावून मोजले. आगगाडीतील जेवणाच्या डब्याचे अरुंद स्वयंपाकघरही तिच्या डोळ्यांसमोर होते. तिचे स्वयंपाकघर सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. धान्य-पिठासाठी नावे घातलेले खण आणि बसून भाजी चिरण्यासाठी स्टूल, अशी सोय त्यात होती. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. सर म्हणाले, "जागा लहान असली तरी चालते. मात्र मापे बरोबर हवीत. आणि मापे घ्यायची ती काम करणाऱ्या माणसाची."

त्या संध्याकाळी मी आणि आपाने मोजपट्टी घेतली. आमचे स्वयंपाकघर ८ फूट लांब आणि ७ फूट रुंद भरले, म्हणजे ५६ चौरस फूट. मीटरमध्ये ते सुमारे ५.२ चौरस मीटर होते. मग आम्ही अम्मीला ताठ उभे केले आणि तिचे कोपर जमिनीपासून किती उंच आहे ते मोजले. ते ३७ इंच भरले. ओटा कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली असला, तर पाठ वाकवावी लागत नाही. आमचा जुना ओटा फक्त २९ इंच होता. नवा ३३ इंच करायचा, असे ठरले.

अम्मी म्हणाली, "इतकी वर्षे मला वाटत होते, माझीच कंबर कमजोर आहे."

त्यानंतर अब्बांनी गवंडी, प्लंबर आणि वायरमन यांना घरी बोलावून कामाचा अंदाज घेतला. भांडुप आणि मुलुंड येथील तीन दुकानांतून लाद्या, नळ आणि सिंक यांचे भाव लिहून आणले. एकाच वस्तूचा भाव तीन दुकानांत तीन प्रकारचा होता. ओट्याच्या वरच्या भागासाठी ग्रॅनाइट घ्यायचे ठरले. कडप्पा स्वस्त असतो. पण तो चुनखडीच्या जातीचा दगड आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर अशा आंबट पदार्थांचे त्यावर डाग पडतात. ग्रॅनाइटला तसे होत नाही. आतल्या उभ्या पट्ट्या आणि फळ्या मात्र कडप्प्याच्याच ठेवल्या. भिंतीच्या लाद्यांचे माप मी काढले. ओट्यामागची भिंत ८ × २ = १६ चौरस फूट. दोन्ही बाजूंच्या मिळून ८ चौरस फूट. एकूण २४ चौरस फूट. लाद्या कापताना काही फुटतात, म्हणून दहा टक्के जास्त धरायच्या. म्हणजे सुमारे २७ चौरस फूट.

आमचे पहिले अंदाजपत्रक असे झाले :

१. जुना ओटा तोडणे व राडारोडा हलवणे — ४,००० रुपये
२. नळ, पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्या — ७,५०० रुपये
३. पाणी झिरपू नये म्हणून वॉटरप्रूफिंग — ५,००० रुपये
४. नवा ओटा, सामान व मजुरी — १२,००० रुपये
५. स्टीलचे सिंक — ३,५०० रुपये
६. भिंतीच्या लाद्या, सामान व मजुरी — ४,५०० रुपये
७. विजेची जोडणी, अर्थिंग व धूर बाहेर टाकणारा पंखा — ५,५०० रुपये
८. ओट्याखालची दारे आणि भांड्यांच्या ट्रॉल्या — १२,००० रुपये
एकूण — ५४,००० रुपये

सरांनी आणखी एक ओळ लिहायला सांगितली : 'आकस्मिक खर्च, दहा टक्के'. जुने बांधकाम तोडल्यावर आत काय निघेल, ते आधी दिसत नाही. त्यासाठी ५,४०० रुपये धरले. बेरीज ५९,४०० रुपये झाली.

अब्बा म्हणाले, "आपल्याजवळ सत्तर हजार आहेत. मग काळजी कसली?"

मी हळूच म्हणाले, "अब्बा, जूनमध्ये आपाची फी भरायची आहे. ते अठरा हजार ओट्याचे नाहीत."

सत्तर हजारांतून अठरा हजार गेले, की ५२,००० रुपये उरत होते. म्हणजे ७,४०० रुपये कमी पडत होते.

तेवढ्यात गवंडी आला. तो म्हणाला, "वॉटरप्रूफिंग सोडून द्या. पाच हजार तिथेच वाचतील. वरून सिमेंट नीट लावतो. कोणाला दिसणार आहे? दारे मात्र बसवून घ्या. पाहुणे आले की दारे दिसतात."

अब्बा विचारात पडले. मी अम्मीकडे पाहिले. दुकानातल्या त्या खणावरून फिरणारा तिचा हात मला आठवला. दारे तिला हवी होती, हे घरात सगळ्यांना माहीत होते.

अम्मी म्हणाली, "दारे नसली तर आपले डबे लोकांना दिसतील. वॉटरप्रूफिंग नसले तर काकूंच्या पिठात पाणी पडेल. दारे राहू द्या."

अंदाजपत्रकावर आम्ही पुन्हा बसलो. प्रत्येक ओळीपुढे 'आवश्यक', 'उपयोगी' किंवा 'हौसेचे' असे लिहिले. पहिल्या सात ओळी आवश्यक होत्या. आठवी ओळ उपयोगी होती. पण ती थांबू शकत होती. दारांऐवजी पडदा लावायचे ठरले. कापड आणि तार यांना ६०० रुपये लागणार होते. शिवण्याचे काम अम्मी स्वतः करणार होती. आता बेरीज ४२,६०० रुपये झाली. त्यावर दहा टक्के आकस्मिक खर्च ४,२६० रुपये. एकूण ४६,८६० रुपये. हा आकडा बावन्न हजारांच्या आत होता.

काम सुरू करण्याआधी अब्बांनी सोसायटीच्या सचिवांना अर्ज दिला आणि परवानगी घेतली. खांब आणि तुळया यांना हात लावायचा नाही, सिंकची जागा बदलायची नाही, राडारोडा रस्त्यावर टाकायचा नाही, असे त्यात लिहिले होते. गवंड्याला सगळे पैसे आधी दिले नाहीत. सुरुवातीला एक भाग, अर्धे काम झाल्यावर दुसरा आणि सगळे तपासून झाल्यावर शेवटचा भाग, असे ठरले. प्रत्येक पावती मी वहीला टाचून ठेवली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काम सुरू झाले. त्या दिवसांत दादीने बाहेरच्या खोलीत स्वयंपाकाची सोय केली. ती म्हणाली, "मी चुलीवर रांधले, कोळशाच्या शेगडीवर रांधले, रॉकेलच्या स्टोव्हवर रांधले. चार दिवस असे काढणे काय कठीण आहे?" मुंबईत घरगुती वापराचा गॅस सिलिंडर १९५५ साली आला आणि घरोघरी नळाने गॅस देणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली, पण दादीच्या घरी सिलिंडर यायला पुष्कळ वर्षे जावी लागली होती.

तिसऱ्या दिवशी प्लंबरने अब्बांना हाक मारली. भिंतीच्या आतली जुनी लोखंडी नळी गंजून पातळ झाली होती. बोट लावताच तिचा तुकडा हातात आला. ती नळी बदलायला ३,८०० रुपये लागणार होते. अब्बांचा चेहरा उतरला. मी वही उघडून दाखवली. आकस्मिक खर्चाच्या ओळीत ४,२६० रुपये होते. अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "ती ओळ लिहिली नसती, तर आज उसने मागायला जावे लागले असते."

वॉटरप्रूफिंग वाळल्यावर त्याची परीक्षा घ्यायची होती. मोरीचे तोंड बंद करून तेथे पाणी भरून ठेवले. ते पूर्ण चोवीस तास तसेच ठेवायचे होते. त्या रात्री अम्मीला झोप लागली नाही. सकाळी ती मला म्हणाली, "जा, खाली जाऊन बघ."

मी काकूंच्या घरी गेले. काकूंनी स्टूल आणले. मी त्यावर चढून छताला हात लावला. जुना डाग तसाच होता. पण ओल वाढली नव्हती, एकही थेंब आला नव्हता. काकू म्हणाल्या, "काल रात्रीपासून मी डब्याखाली कागद घालून बसले आहे. बघ, कोरडा आहे." त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. मी धावत वर गेले आणि कागद अम्मीला दिला. अम्मीने तो उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता आपल्या मसाल्याच्या डब्याखाली ठेवून दिला.

शेवटी गॅस जोडताना आम्ही काही गोष्टी लक्षात ठेवल्या. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवायची. रबरी नळी आय. एस. आय. खुणेची घ्यायची आणि पाच वर्षांनी बदलायची. गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटण दाबायचे नाही, काडी ओढायची नाही. खिडक्या उघडायच्या, सिलिंडरचे बटण बंद करायचे आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. हा क्रमांक मी दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे.

सगळे काम होऊन ४६,४०० रुपये खर्च झाले. आपाची फी वेळेवर भरली गेली. बावन्न हजारांतून ५,६०० रुपये शिल्लक राहिले. ते आम्ही वेगळ्या डब्यात ठेवले आहेत. डब्यावर आपाने लिहिले आहे, 'अम्मीची दारे'.

आता अम्मी ताठ उभी राहून पोळ्या लाटते. ओट्याखाली निळ्या फुलांचा पडदा आहे. पाहुणे येतात तेव्हा पडद्याचे कौतुक करतात. लाद्यांच्या खाली काय आहे, ते कोणाला दिसत नाही. पण काकूंना माहीत आहे आणि आम्हांला माहीत आहे.

शब्दार्थ

अंदाजपत्रक — होणाऱ्या खर्चाचा आधी मांडलेला हिशेब
मनस्ताप — मनाला होणारा त्रास
ओशाळणे — शरम वाटणे
गाऱ्हाणे — आपली अडचण किंवा दुःख दुसऱ्याला सांगणे
राडारोडा — तोडलेल्या बांधकामाचे तुकडे व माती
आकस्मिक — अचानक येणारा
झिरपणे — पाणी हळूहळू आत जाणे
शिल्लक — खर्च करून उरलेली रक्कम
उसने — परत देण्याच्या बोलीवर घेतलेले
जीव भांड्यात पडणे — काळजी दूर होणे
चेहरा उतरणे — निराश होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खालच्या मजल्यावरच्या काकू कोणती तक्रार घेऊन आल्या?
(आ) नव्या ओट्याची उंची किती ठरवली?
(इ) ओट्यासाठी ग्रॅनाइट का निवडले?
(ई) आकस्मिक खर्चाची रक्कम कोणत्या कामी आली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हप्त्याने पैसे देण्याचा विचार घरच्यांनी का सोडून दिला?
(आ) फ्रँकफर्ट येथील स्वयंपाकघराची आखणी कशी केली गेली?
(इ) अम्मीने दारांऐवजी वॉटरप्रूफिंग का निवडले? तुम्ही काय केले असते?

प्र. ३. कोण, कोणाला म्हणाले?
(अ) "वहिनी, रागावू नका."
(आ) "ते अठरा हजार ओट्याचे नाहीत."
(इ) "जा, खाली जाऊन बघ."

प्र. ४. 'तक्रार' आणि 'हप्ता' या शब्दांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ लिहा. हिशेब, रक्कम, खर्च, किंमत, मजुरी या शब्दांसारखे उर्दू शब्द तुम्ही कसे उच्चारता, ते वर्गात सांगा.

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा : जीव भांड्यात पडणे, चेहरा उतरणे, शिल्लक राहणे.

प्र. ६. हिशेब करा. दारांना १२,००० रुपये लागतात. डब्यात ५,६०० रुपये आहेत. सहा महिन्यांत उरलेली रक्कम जमवायची असेल, तर दरमहा निदान किती रुपये बाजूला ठेवावे लागतील?

प्र. ७. घरातील दुरुस्तीच्या कामासाठी परवानगी मागणारा अर्ज सोसायटीच्या सचिवांना लिहा.

उपक्रम : घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने एखाद्या होणाऱ्या खर्चाचे अंदाजपत्रक तयार करा. प्रत्येक बाबीपुढे 'आवश्यक', 'उपयोगी' किंवा 'हौसेचे' असे लिहा. शेवटची ओळ लिहायला विसरू नका.